लेहला उतरलेला पहिला डाकोटा

लेह विमानतळावरची लगबग सकाळचीच. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो. पोस्टिंगवर येणारा जवान खिडकीतून डोंगर बघत उतरतो. पण २४ मे १९४८ ला इथे पहिलं विमान कसं उतरलं, हे कळायला वैमानिकाच्या हातापायांकडे बघावं लागतं.

आधी धावपट्टी. ऐन हिवाळ्यात झोजीला ओलांडून आलेल्या पृथी चंद यांच्या मूठभर डोग्रा तुकडीबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी अभियंते होते. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठच्या वाळूत पट्टी तयार केली. शत्रूच्या टोळ्या लेहच्या रोखाने येत होत्या.

एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा आणला; विमानात मेजर जनरल थिमय्या होते.

आम्हा पायदळवाल्यांना वाटतं, विमान होडीसारखं सुकाणूने, म्हणजे शेपटीच्या रडरने वळतं. तसं नाही. पंखांच्या टोकांचे एलेरॉन एक वर, एक खाली होतात. विमान कलतं आणि पंखांची उचलच त्याला बाजूला ओढते. वर जाणाऱ्या पंखाला हवेचा अडथळाही जास्त, म्हणून नाक उलटीकडे जायला बघतं. ते पायाने, रडरने सावरायचं. शिवाय उचल वाटली गेल्याने नाक खाली झुकतं, तेव्हा काठी किंचित ओढून एलेव्हेटरने ते धरायचं. सगळं एकदम. डाकोटात मधे नुसत्या तारा. जोर वैमानिकाच्या दंडाचा.

खरी मेख विरळ हवेची. लेह साडेदहा हजार फुटांहून उंच. हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के. वेगाचा काटा हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे उतरताना तो नेहमीचाच आकडा दाखवतो. जमीन मात्र जवळपास पाचव्या हिश्श्याने जास्त वेगात मागे पळत असते. म्हणजे थांबायचं अंतर आणि दरीत वळायचा घेर, दोन्ही सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. डोळे म्हणतात, फार वेग आहे, नाक उचल. उचललं तर पंखांची उचलच तुटते, विमान कोसळतं. डोळ्यांचं न ऐकता काट्याचं ऐकायचं, तेही समोर डोंगर असताना!

टेकल्यावरही सुटका नाही. डाकोटाचं तिसरं चाक शेपटीला, वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे. जरा ढिलाई झाली की शेपूटच पुढे यायला बघते. विमान थांबेपर्यंत पाय रडरवर नाचतेच ठेवावे लागतात.

मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळालं. पुढे याच वाळूवर डाकोटांनी गोरखा जवान उतरवले.