सखीचं कूळ

सेलूजवळून वाहणारी दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. त्याच गोदेच्या काठी, सातवाहनांच्या पैठणात, प्रेमनाटकातल्या सखीचं मराठी मुलखातलं माहेर सापडतं. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तली बाई कितीतरी गाथांत कुणाला तरी हाक मारून बोलते. कधी सखीला, कधी मामीला, कधी आत्याला. प्रियकर लांब असतो, ऐकणारी जवळ असते. या गाथा महाराष्ट्री प्राकृतातल्या. पुढे संस्कृत नाटकांतही स्त्रियांची गाणी याच भाषेत लिहायचा संकेत रूढ झाला.

कालिदासानं सखीच्या हाती कथेची किल्लीच दिली. दुर्वासाचा शाप शकुंतलेला ऐकूच जात नाही, अनसूया-प्रियंवदा ऐकतात. प्रियंवदा धावत जाऊन ऋषीकडून उःशाप मिळवते. पण पोरीचं काळीज हळवं म्हणून दोघी ते पोटात ठेवतात. निरोप देताना एवढंच सांगतात, की राजानं ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव. शापाचं नाव काढत नाहीत.

ग्रीकांकडे हे काम दाईचं. युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’मध्ये (इ.स.पू. 428) फेड्राचा जीव सावत्र मुलावर जडतो. दाई तिच्याकडून गुपित काढून घेते, भल्यासाठी म्हणून त्यालाच सांगते, आणि फेड्रा गळफास घेते. 1677 मध्ये रासीननं याच दाईला फ्रेंच रंगभूमीवर एनोन केलं.

मराठीत ‘ऑथेल्लो’ 1867 मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी आणला, तर 1890 मध्ये देवलांनी त्याचं ‘झुंझारराव’ केलं. मूळ नाटकातली एमिलिया मालकिणीचा पडलेला रुमाल उचलून नवऱ्याला देते. डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे हरवला असेल गं? एमिलिया म्हणते, मला नाही ठाऊक. ती खरं बोलते तेव्हा डेस्डिमोनाचा श्वास कोंडून झालेला असतो.

एकीनं नको तिथे तोंड उघडलं, दुसरीनं हवं तेव्हा मिटलं. शकुंतलेची हरवलेली अंगठी कोळ्याला सापडली म्हणून ते नाटक सुखान्त झालं, एरवी तीही शोकांतिकाच होती. खलनायक नुसता फासा टाकतो, घात होतो तो विश्वासातल्या माणसाकडून, आणि तोही मायेपोटी.

म्हणून सेलूच्या मंडळींनी राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रासाठी एखादी प्रेमाची शोकांतिका बसवायला घेतली, तर सखीची भूमिका ‘उरलेल्या’ मुलीला देऊ नये. समोरचीचं बोलणं कान देऊन ऐकणारी नटी शोधावी.