पुराच्या आधी विणलेली नाती

भिवंडीत पावसाळा म्हटला की कामवारी नदीचे नाव निघतेच. नदी लहान, पण ती खाडीला मिळते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते ईदगाह, खाडीपार, तीनबत्ती अशा सखल भागांत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भिवंडीतही पाणी घुसले होते. अशा वेळी पहिले काही तास बाहेरची मदत गल्लीबोळांत पोचत नाही. मग कोणाला कोण बाहेर काढते?

या प्रश्नाचा चांगला अभ्यास झाला तो एका भूकंपानंतर. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहर हादरले. ढिगाऱ्याखालून जे वाचले, त्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनीच काढले होते. मागोमाग आगी लागल्या. मानो वस्तीतील लोकांनी बादल्यांची साखळी करून आग विझवली. मिकुरा वस्तीत लोक बंबाची वाट पाहत राहिले आणि घरे जळाली. डॅनियल ऑल्ड्रिच या अभ्यासकाने हा फरक मांडला आहे. मानोचे रहिवासी १९६० च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र लढत आले होते. धुरासाठी जमलेली माणसे तीस वर्षांनी आगीच्या वेळी कामी आली!

भिवंडीजवळही असा एक अनुभव आहे, पण तो पुराचा नाही, दंगलीचा आहे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा आग भडकली. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर, १९८८ पासून, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. बोलणे बरेचदा नळ, गटार, भांडण-तंटा अशा किरकोळ गोष्टींचे असे. माझ्या मते खरे महत्त्व या किरकोळ गोष्टींनाच आहे, कारण त्यांतूनच नाव आणि चेहरा ओळखीचा होतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. भिवंडी शांत राहिली.

एका गावावरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. शिवाय अशी वीण कायमची टिकते असेही नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून याच गावात हिंसाचार झाला आणि त्यात दोन पोलिसांचा बळी गेला.

आता हे पुराला लावून पाहा. पाणी चढते तेव्हा सारी गल्ली एकदमच बुडते. सख्खा भाऊ शेजारच्या खोलीत राहत असेल, तर त्याचेही धान्य भिजलेलेच असते. जवळची नाती हाक ऐकतात, खांद्यावर घेतात. पण कोरडी जागा असते ती उंचावरच्या वस्तीत, कदाचित वेगळ्या जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या माणसाकडे. त्याच्याशी ओळख लागते, आणि ती पाणी येण्याआधी व्हावी लागते. पालिकेत किंवा पोलीस चौकीत कोणाला फोन करायचा, हे ठाऊक असणे हा तिसरा धागा.

या हिशेबात सर्वांत उघडा पडतो तो यंत्रमाग कामगार. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून तो एकटा येतो. घरचे लोक दूर, घर मालकीचे नाही. त्याची ओळख असते ती मागावरच्या जोडीदारांशी आणि ‘भिस्सी’त, म्हणजे महिन्याच्या पैशांवर जेवण देणाऱ्या खानावळीत. रात्रपाळी संपवून दिवसा झोपलेला माणूस खोलीत आहे, हे भिस्सीवाल्यालाच आधी कळते. पालिकेच्या आपत्ती आराखड्यात या भिस्स्यांची यादी असायला हवी, असे मला वाटते.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. विद्यार्थ्यांना आपल्या भागाचा नकाशा काढू द्या, पाणी कुठवर येते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यावर निळी रेघ मारू द्या. मग रेघेच्या वरच्या बाजूला राहणाऱ्या, नात्यात नसलेल्या अशा माणसाचे नाव लिहायला सांगा, ज्याचे दार रात्री दोन वाजता वाजवता येईल. किती जणांची जागा कोरी राहते, ते मोजा.