नवी गाडी बिघडली तर? आर्वीपासून शोरूमपर्यंतचा पन्नास वर्षांचा रस्ता

आज जरा लांब लिहितोय. पण गाडी घेतली असेल किंवा घ्यायची असेल तर शेवटपर्यंत वाचा.

महिन्या-दोन महिन्यांत एखादा तरी फोन येतोच. "भाऊ, तीन महिने झाले गाडी घेऊन, अन् चार डाव वर्कशॉपले लावली. शोरूमवाला आता फोनच उचलत नाही. पेपरात देऊन द्या ना!" बातमी देता येते, देतोही. पण बातमीनं फार तर मॅनेजरचा एक गोड फोन येतो. गाडी नीट होते ती कागदानं. तो कागद आज चालतो, कारण त्यामागे बरीच जुनी लढाई आहे आणि तिचा मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रात लढला गेला. तोच इतिहास आज सांगतो.

आधी १९७० चं दशक आठवा. कार म्हणजे कुर्ल्याची फियाट, नाहीतर कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर. स्कूटर म्हणजे आकुर्डीची बजाज. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. इतकं थांबून गाडी दारात आली की माणूस नारळ फोडायचा, दोष शोधायला बसायचा नाही. मिळाली हेच नशीब!

दोष निघालाच तर काय? कायदा तेव्हाही होता. १९३० चा माल विक्री कायदा. विकलेला माल ठीक दर्जाचा हवा हे त्यात लिहिलेलं होतं. पण त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा, स्टॅम्प, वकील आणि तारखांवर तारखा. आर्वीच्या माणसानं नागपूरच्या विक्रेत्यावर असा दावा लावायचा म्हणजे गाडीपेक्षा केस महाग. त्यामुळे लोक गप्प बसत आणि गावातल्या मिस्त्रीकडे गाडी नेत.

जगात तेव्हा वारं फिरलं होतं. १५ मार्च १९६२ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे चार हक्क मांडले. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी तिथल्या मोटार कंपन्या असुरक्षित गाड्या कशा विकतात यावर पुस्तक लिहून खळबळ उडवली. आपल्याकडे १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी राहिली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. या लोकांनी सुरुवात गाडीपासून केली नाही. तेल, डाळ, साबण, वजनमाप इथून केली. दहा घरांनी एकत्र येऊन माल घ्यायचा आणि एकत्र जाब विचारायचा, ही सवय त्यांनी लावली. अशा अनेक संघटनांच्या रेट्यातून ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर १९८६ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन.

या कायद्यानं जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पायऱ्या दिल्या. वकील लावलाच पाहिजे असं नाही. वस्तूत दोष सिद्ध झाला तर दुरुस्ती, बदलून देणं, पैसे परत किंवा नुकसानभरपाई, यातलं जे योग्य असेल ते देण्याचा आदेश होऊ शकतो.

पण एक मेख होती. धंद्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक नाही, असं कायदा म्हणत होता. मग ऑटोवाला? छोटा मालवाहू घेऊन कापूस-संत्रा वाहणारा? १९९३ च्या दुरुस्तीनं खुलासा केला की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरणारा माणूस ग्राहकच आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात याचं उदाहरणच दिलं. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा हा ग्राहक आहे. तालुक्याच्या गावात ही ओळ सोन्याची आहे. कारण इथं गाडी बिघडली की नुसती फिरती थांबत नाही, रोजी थांबते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

आता कंपन्यांकडे वळू. कंपनीनं मनावर घेतलं तर काय होतं, हे पिंपरीच्या इंडिकानं दाखवलं. डिसेंबर १९९८ ला टाटांची ही गाडी बाजारात आली, बुकिंगला झुंबड उडाली आणि पाठोपाठ तक्रारीही आल्या. कंपनीनं शिबिरं घेऊन सुटे भाग मोफत बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली. तीच पुढे धो धो चालली. तक्रार ऐकणं हा तोट्याचा धंदा नाही, एवढं त्यातून कळतं.

पण सगळे असं मनावर घेत नाहीत. मग कोर्ट. इथं तीन निकाल लक्षात ठेवा.

पहिला २००६ चा, मारुती उद्योगचा. वॉरंटीत बिघडलेला भाग दुरुस्त करू किंवा बदलू असं लिहिलं असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. शोरूमवाले आजही हाच निकाल तोंडावर मारतात.

दुसरा २०१० चा, फियाटचा. त्यात न्यायालयानं स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासायला सांगितली. मुळातच उत्पादनातला दोष निघाला तर गाडीचे पैसे १२ टक्के व्याजासह परत, असा आदेश दिला. म्हणजे दार बंद नाही, फक्त किल्ली तज्ज्ञाच्या अहवालात आहे.

तिसरा आपल्या शेजारच्या गोव्यातला, फेब्रुवारी २०२१ चा. ग्राहकानं २०११ चं मॉडेल मागितलं, डीलरनं २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी गळ्यात मारली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की डीलरच्या या करणीची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झालं नाही, म्हणून टाटा मोटर्स सुटली. डीलरची जबाबदारी मात्र राहिली. धडा साधा आहे : डिलिव्हरी घेताना मीटर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष स्वतः पाहा. तक्रारीत डीलर आणि कंपनी, दोघांनाही पक्ष करा.

आणि आता आर्वीकरांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट. जुन्या कायद्यात केस बहुधा जिथं विक्रेता, तिथं लावावी लागे. गाडी नागपुरात घेतली तर चकरा नागपूरच्या. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं की माणूस दुसऱ्या तारखेला जातच नसे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात आपण जिथं राहतो किंवा काम करतो तिथं तक्रार करता येते. म्हणजे शोरूम नागपूरचं असो की अमरावतीचं, आपली तक्रार वर्ध्याच्या जिल्हा आयोगात. ऑनलाईनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य आहे. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या हेल्पलाईनवर फोन करून पाहा, बरीच भांडणं तिथंच मिटतात.

तरी एक गोष्ट पन्नास वर्षांत बदललेली नाही. दोष आहे हे दाखवायचं ओझं ग्राहकाच्याच डोक्यावर आहे. अमेरिकेत १९८२ पासून राज्याराज्यांत 'लेमन लॉ' आले : ठरावीक वेळा दुरुस्त करूनही गाडी नीट झाली नाही तर बदला किंवा पैसे द्या. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. तो हवा, आणि ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपर्यंत गेली पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातात एकच हत्यार आहे, जॉबकार्ड. गाडी वर्कशॉपला लावली की तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत त्यावर लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटर टाका, प्रत घ्या. "साहेब, तोंडी सांगा, करून देतो," असं म्हणणाऱ्याला हसून सांगा, "भाऊ, लिहूनच घ्या." एकच तक्रार चार जॉबकार्डांवर दिसली की ती तक्रार राहत नाही, पुरावा होतो. काम न करताच "समाधानी" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. मग ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा.

शोरूमच्या काचेमागे बसलेला माणूस आपल्या आवाजाला घाबरत नाही. फाईलला घाबरतो.

ही पोस्ट ज्याची गाडी आत्ता वर्कशॉपमध्ये उभी आहे, त्याला नक्की पाठवा. कुणाची केस वर्ध्याच्या आयोगात लागली असेल, निकाल लागला असेल, तर अनुभव खाली लिहा. पुढच्याला उपयोगी पडेल.