ईश्वरसाक्ष शपथ की दृढकथन? : लोकप्रतिनिधींची श्रद्धा-अश्रद्धा आणि सीमाभागाचा अनुभव

प्रास्ताविक

बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध ही स्थळे आजही पाहावयास मिळतात. दि. २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन या परिसरात भरले. प्रतिनिधींच्या पाण्याची सोय व्हावी म्हणून ही विहीर खोदण्यात आली होती. गांधीजींनी राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले ते याच एका अधिवेशनात. त्याच सुमारास बेळगावात खिलाफत परिषद भरली आणि हिंदू महासभेचीही सभा झाली. राजकारण आणि धर्म त्या आठवड्यात एकाच गावात, जवळजवळ एकाच मैदानात मुक्कामाला होते.

पुढील शंभर वर्षांत हा प्रश्न संपला नाही, त्याचे रूप मात्र बदलले. निवडून येणारा माणूस ईश्वर मानतो की नाही, याची चौकशी मतदाराने करावी काय? ईश्वर न मानणारा प्रतिनिधी श्रद्धाळू समाजाचे हित पाहू शकतो काय? आणि श्रद्धाळू प्रतिनिधीच्या हाती दुसऱ्या धर्माचे लोक सुरक्षित राहतात काय? अल्पसंख्य समाजाच्या दृष्टीने हे प्रश्न केवळ तात्त्विक नाहीत. प्रस्तुत निबंधात मुंबई इलाखा, महाराष्ट्र आणि बेळगाव-निपाणी सीमाभाग यांतील काही ठळक उदाहरणांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

शब्दांची उकल

प्रथम शब्द तपासणे आवश्यक आहे. मराठीत आपण ‘नास्तिक’ म्हणजे ईश्वर न मानणारा असा अर्थ घेतो. परंतु पाणिनीच्या सूत्रावरील परंपरेत नास्तिक म्हणजे परलोक न मानणारा, तर मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा. म्हणजे ईश्वर न मानूनही वेद प्रमाण मानणारा मीमांसक आस्तिक ठरतो आणि अहिंसेचे कडक व्रत पाळणारा जैन नास्तिकांच्या यादीत जातो.

उर्दूतही असेच आहे. ‘मुलहिद’ हा शब्द मुळात सरळ वाटेवरून कलणाऱ्यासाठी आहे. ‘दहरिया’ हा शब्द ‘दहर’ म्हणजे काळ यापासून आला. आपल्याला केवळ काळच संपवितो, असे म्हणणाऱ्या लोकांचा उल्लेख कुरआनच्या सूरह अल-जासियामध्ये आहे. पुढे आधुनिक राजकारणातील ‘सेक्युलर’ या शब्दासाठी उर्दूत ‘लादीनी’ आणि मराठीत ‘निधर्मी’ असे प्रतिशब्द रूढ झाले आणि मोठा घोटाळा झाला. त्यामुळे तीन वेगळी माणसे एकाच नावाने ओळखली जाऊ लागली : ईश्वर न मानणारा, अंधश्रद्धेला विरोध करणारा, मग तो स्वतः श्रद्धाळू असो वा नसो, आणि स्वतः श्रद्धाळू असूनही राज्यकारभार धर्मापासून अलग ठेवणारा. या तिघांत भेद न केल्यास पुढील इतिहास नीट समजणार नाही.

शपथेचा इतिहास

लोकप्रतिनिधीच्या श्रद्धेला कायदा प्रत्यक्ष भेटतो तो शपथेच्या वेळी. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत प्रत्येक शपथेला दोन पर्याय आहेत. मराठीत ते ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे आहेत. उर्दूत दुसऱ्या पर्यायासाठी ‘इकरार-ए-सालेह’ हा शब्द वापरला जातो. सालेह म्हणजे नेक, सचोटीचा. ईश्वराचे नाव नसलेल्या वचनालाही उर्दूने ‘नेक’ म्हटले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

हा दुसरा पर्याय नास्तिकांनी मिळविला, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडपुरते ते खरे आहे. १८८० साली नॉर्दम्प्टनहून निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ हे उघड नास्तिक होते. त्यांनी शपथेऐवजी दृढकथन करण्याची परवानगी मागितली आणि पार्लमेंटने त्यांना बसू दिले नाही. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. अखेर १८८६ मध्ये त्यांना जागा मिळाली आणि १८८८ च्या कायद्याने सर्वांना दृढकथनाचा हक्क मिळाला. हेच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सभेला हजर राहिले आणि हिंदुस्थानची बाजू त्यांनी पार्लमेंटात मांडली. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा लंडनमध्ये शिकत असलेले तरुण गांधी त्यांच्या अंत्यविधीला उपस्थित होते.

हिंदुस्थानातील वाट मात्र उलटी आहे. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूंना गंगाजलाची आणि मुसलमानांना कुरआनची शपथ घ्यावी लागे. अनेक श्रद्धाळू माणसांना ही गोष्ट अवघड वाटे. पवित्र ग्रंथ कोर्टकचेरीच्या कज्ज्यात ओढणे त्यांना पटत नसे. म्हणून १८४० च्या पाचव्या कायद्याने ही सक्ती काढून टाकली आणि तिच्या जागी परमेश्वराच्या समक्ष गांभीर्यपूर्वक कथन करण्याची पद्धत आणली. १८७३ च्या शपथ कायद्याने हिंदू, मुसलमान आणि शपथेस हरकत असणारी कोणतीही व्यक्ती यांना दृढकथनाचा मार्ग खुला केला. तात्पर्य, ज्या दारातून आज नास्तिक आमदार सभागृहात प्रवेश करतो, ते दार आपल्या देशात प्रथम श्रद्धाळू हिंदू आणि मुसलमानांसाठी उघडले गेले.

संविधान सभेतही याच स्वरूपाची चर्चा झाली. दि. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेच्या प्रारंभी ईश्वराचे नाव घालावे अशी सूचना मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. विरोधात बोलणाऱ्यांचा मुख्य आक्षेप ईश्वराला नव्हता, सक्तीला होता. पंडित हृदयनाथ कुंझरू यांची भूमिका अशीच होती.

श्रद्धा आणि विचार यांच्या चौकटी किती सैल असतात, हे त्याच सभेचे सभासद मौलाना हसरत मोहानी यांच्याकडे पाहिल्यावर कळते. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला झालेल्या कम्युनिस्ट परिषदेचे ते स्वागताध्यक्ष होते, आणि वारंवार हजला जाणारे सूफी वृत्तीचे मुसलमानही होते. मौलाना आझाद यांनी तर तरुणपणीच्या आपल्या संशयाच्या काळाविषयी स्वतःच लिहून ठेवले आहे. वारशाने मिळालेल्या समजुतींत आपण बांधलेले नाही, हे दर्शविण्यासाठी त्यांनी ‘आझाद’ हे नाव घेतले. पुढे ते कुरआनचे भाष्यकार झाले, लोकसभेवर निवडून आले आणि देशाचे शिक्षणमंत्री राहिले.

मुंबई इलाख्यातील नास्तिक मंत्री

१९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील शाळांचा इतिहास रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना वगळून सांगता येत नाही. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत प्रथम आलेले परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ईश्वर, परलोक, मुंज, श्राद्ध यांपैकी काहीही ते मानीत नसत आणि हे ते कधी लपवीत नसत. पुढे रॅशनॅलिस्ट असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे ते अध्यक्ष झाले.

१९१९ च्या सुधारणा कायद्याप्रमाणे मंत्र्याला सहा महिन्यांच्या आत निवडून आलेला सभासद असणे भाग होते. १९२१ मध्ये परांजपे इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या शेजारी मंत्री म्हणून सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला आणि चुनीलाल मेहता बसत. एक नास्तिक, एक मुसलमान आणि एक हिंदू असे हे मंत्रिमंडळ होते. परांजपे यांच्या कारकिर्दीत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. त्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे आल्या आणि सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग खुला झाला. त्या कायद्यात धर्मावर हल्ला नव्हता. मूल शाळेत यावे, एवढाच त्याचा आग्रह होता. परांजपे यांची धर्मावरील काही मते श्रद्धाळू वाचकाला आजही बोचतील. पण त्यांनी केलेल्या कायद्याने मुलाच्या घरातील श्रद्धेची चौकशी केली नाही.

सीमालढा आणि प्रा. एन. डी. पाटील

दि. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि सीमालढा सुरू झाला. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला महाराष्ट्राचा दावा हे त्याचे परिचित टप्पे आहेत. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान हे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मेळाव्यांचे नेहमीचे ठिकाण झाले.

या लढ्यातील सर्वांत आदराचे नाव म्हणजे प्रा. एन. डी. पाटील (१९२९-२०२२). शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते अनेक वर्षे विधान परिषदेचे सभासद होते. १९७८ ते १९८० या काळात ते सहकारमंत्री होते आणि १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभेवर निवडून आले. रयत शिक्षण संस्थेची धुराही त्यांनी सांभाळली. विचाराने ते मार्क्सवादी आणि विवेकवादी होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ते अध्यक्ष होते.

समितीच्या मेळाव्याला येणारा बहुसंख्य श्रोता मात्र भाविक. कोणी आषाढीची वारी करणारा, कोणी जोतिबाचा, कोणी यल्लम्माचा भक्त. या श्रोत्याने ‘एन. डीं’ना त्यांच्या श्रद्धेबद्दल जाब विचारला नाही आणि त्यांनीही त्याच्या तुळशीमाळेची थट्टा केली नाही. दोघांमधील करार भाषेचा, शेतीचा आणि न्यायाचा होता. सीमाभागाच्या राजकारणाने दिलेला हा धडा पुरेसा नोंदविला गेलेला नाही.

अंधश्रद्धाविरोधी कायदे

अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव आणि धर्म याबाबत तटस्थ राहण्याची भूमिका घेतली. तरीही तिच्या कायद्याला हिंदूविरोधी म्हटले गेले. दि. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा संमत केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे, ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूत गौरी लंकेश यांची हत्या झाली. कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधोमध बेळगाव आहे. या घटना येथील अध्यापकांना दूरच्या वाटण्याचे कारण नाही.

कर्नाटकाचा अघोरी प्रथाविरोधी कायदा नोव्हेंबर २०१७ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातील अधिवेशनात मांडला जाऊन संमत झाला. तो आणला काँग्रेस सरकारने, पण अमलात आला जानेवारी २०२० मध्ये, भारतीय जनता पक्षाच्या सरकारच्या काळात. म्हणजे नरबळी, जादूटोणा यांना विरोध करण्यासाठी नास्तिक असावे लागत नाही.

निपाणीतील वाद

या जिल्ह्यातील अलीकडचे उदाहरण सतीश जारकीहोळी यांचे आहे. मानव बंधुत्व वेदिके या संघटनेमार्फत ते अंधश्रद्धेविरुद्ध काम करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबरला, बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत रात्र काढण्याचा त्यांचा उपक्रम प्रसिद्ध आहे. मंत्री असताना २०१४ मध्ये त्यांनी असे केले तेव्हा त्याची देशाबाहेरही दखल घेतली गेली. भुताची भीती भाषणाने जात नाही, तेथे बसून जेवल्याने जाते, असा त्या उपक्रमाचा आशय होता.

दि. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी निपाणीत याच संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी ‘हिंदू’ हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ घाणेरडा आहे, अशा आशयाचे विधान केले. राज्यभर गदारोळ उठला, त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी निषेध केला आणि काही दिवसांत त्यांनी विधान मागे घेतले.

येथे भाषेच्या अध्यापकाची जबाबदारी येते. शब्द इराणी भाषेतून आला, हे बरोबर आहे. परंतु त्याचे मूळ ‘सिंधू’ ही नदी आहे. संस्कृतमधील स-काराचा इराणीत ह-कार होतो आणि सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत ‘हिंदुश’ हे प्रांताचे नाव आढळते. हे इस्लामच्या उदयापूर्वी हजारहून अधिक वर्षांचे आहे. पुढे फारसी काव्यात सावळा वर्ण, पहारेकरी, गुलाम, प्रेयसीच्या गालावरचा तीळ यांसाठी ‘हिंदू’ हे रूपक म्हणून वापरले गेले आणि कोशकारांनी ते अर्थ टिपले. रूपकाला मूळ अर्थ मानणे ही भाषाशास्त्रीय चूक होय. त्याचप्रमाणे या चुकीचे खापर फारसी-उर्दूवर, आणि तेथून मुसलमानांवर फोडणे हाही अन्याय होय.

मतदारांनी मात्र वेगळाच निवाडा दिला. यमकनमर्डी मतदारसंघात २०१८ मध्ये जारकीहोळी तीन हजारांहून कमी मतांनी निवडून आले होते. वादानंतर सहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, त्यांचे मताधिक्य पन्नास हजारांच्या वर गेले. या निकालाला अनेक कारणे असतील. पण शब्दाच्या वादाने मतदार दुरावला, असे त्यावरून म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये शरद पवार यांच्यावर ते नास्तिक असल्याची टीका झाली, तेव्हा आपण प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फोडतो, असे उत्तर त्यांनी दिले. साठ वर्षांच्या राजकारणानंतरही नेत्याला श्रद्धेचा दाखला द्यावा लागतो, ही काळाची खूण आहे.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दृढकथनाचा पर्याय हा श्रद्धेविरुद्धचा विजय नसून सक्तीविरुद्धचा आहे, आणि त्याचे पहिले लाभार्थी श्रद्धाळू होते. दुसरी, श्रद्धा किंवा अश्रद्धा यांपैकी काहीही न्यायी कारभाराची हमी देत नाही. परांजपे यांचा कायदा आणि आझाद यांची शिक्षणनीती दोन टोकांच्या अंतःकरणांतून आली, पण दोन्हींनी शाळेचे दार रुंद केले. तिसरी, अंधश्रद्धेशी झुंजणे वेगळे आणि एखाद्या समाजाच्या नावाला हीन ठरविणे वेगळे. पहिल्याला ज्ञान आणि धैर्य लागते. दुसऱ्यामुळे पहिल्याचेही नुकसान होते.

इस्लामी परंपरेत नीयत ही अल्लाहने जाणायची गोष्ट आहे. माणसाने माणसाचा व्यवहार पाहावा. लोकप्रतिनिधीच्या बाबतीतही हीच कसोटी योग्य आहे. त्याने शपथ ईश्वरसाक्ष घेतली की दृढकथन केले, हा त्याचा प्रश्न. दिलेले वचन त्याने आपल्यापेक्षा वेगळ्या श्रद्धेच्या माणसासाठीही पाळले काय, हा मतदाराचा प्रश्न. नागरिकशास्त्राच्या वर्गात तिसरी अनुसूची शिकविताना तिच्यातील दोन्ही पर्याय एकाच आदराने वाचून दाखविले, तर विद्यार्थ्यांना हा फरक सहज समजेल.