राखेचे डोंगर

कचऱ्याच्या पेटीला आज घरोघरी 'डस्टबिन' म्हणतात. या नावातील 'डस्ट' म्हणजे मुख्यतः शेगडीतील राख होय, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एका लुप्त झालेल्या उद्योगाची ती शेवटची खूण आहे.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या घराघरांत दगडी कोळसा जळे. त्याची राख परसात साठवीत आणि 'डस्टमन' येऊन ती टोपल्यांनी गाडीत भरून नेई. ही राख उचलण्याच्या हक्कासाठी मक्तेदार एके काळी स्थानिक मंडळांना उलट पैसे मोजीत. कारण शहर झपाट्याने वाढत होते व त्याला विटा हव्या होत्या. बारीक राख विटेच्या मातीत मळली जाई. जाड चुरी वीटभट्टीत जळणासाठी वापरीत. लंडनच्या शेगड्यांतील राख अशा रीतीने लंडनच्याच भिंतींत परत येई.

मक्तेदारांच्या आवारांत राखेचे डोंगर उभे असत. तेथील मुख्य काम स्त्रियांचे. अंगावर जाड चामड्याचे आवरण बांधून, राखेत बसून, त्या दिवसभर लोखंडी चाळणी हलवीत. चाळणीवर उरलेल्या प्रत्येक वस्तूचे गिऱ्हाईक ठरलेले असे. चिंध्या, हाडे व मोडके धातू निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडे जात. फुटक्या विटा व कालवांचे शिंपले रस्त्यांच्या भरावात पडत. जुने जोडेसुद्धा निळा रंग करणाऱ्या कारखान्यांस विकले जात. हेन्री मेह्यू या पत्रकाराने 1851 च्या सुमारास या सर्व व्यवहाराची बारकाईने नोंद केली. कातडी कमावण्यासाठी रस्त्यावरील कुत्र्यांची विष्ठा वेचणाऱ्यांचाही स्वतंत्र धंदा त्याने वर्णिला आहे. डिकन्सच्या 1864-65 मधील 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीतील संपत्तीही अशाच ढिगाऱ्यांतून आलेली आहे. मात्र ती संपत्ती मालकाची; चाळणी धरणाऱ्या हातांची नव्हे.

पुढे विटांची मागणी घटली की राखेचा भाव उतरे, आणि मग मंडळांनाच मक्तेदारांस पैसे द्यावे लागत. दुसरीकडे पटकीच्या साथींनी सार्वजनिक आरोग्याचा विचार बळावला होता. 1874 मध्ये नॉटिंगहॅम येथे कचरा जाळण्याची भट्टी उभी राहिली. 1891 च्या कायद्याने लंडनमधील घरगुती कचरा हलविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. 1956 च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धुराचा कोळसा मागे पडत गेला. गॅस आणि वीज आली. राख सरली, नाव तेवढे उरले.

या सुधारणा आवश्यक होत्या, यात शंका नाही. राखेत बसून आयुष्य कंठणे कोणाच्याही वाट्यास येऊ नये. परंतु कचऱ्यातून काय वाचविता येते याचे ज्ञान ज्यांच्या बोटांत होते, त्यांच्यासाठी नव्या व्यवस्थेत जागा ठेवली जातेच असे नाही. ढीग हटविणे आणि ढिगावर जगणाऱ्यांना हटविणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

हा प्रश्न आपल्या शहरांतही उभा आहे. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना स्थापन केली. तिच्यातही बहुसंख्य स्त्रियाच. 2008 मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाया तेव्हा दारात येऊन, आपल्या कामाचा मोबदला हक्काने मागू लागल्या. मेह्यूने पाहिलेल्या चाळणीवाल्या बायांना असे दार कधी उघडले नव्हते.