न्यू ग्रास रिव्हायवल

अमेरिकेच्या केंटकी संस्थानातील लुईव्हिल शहरी 1971 साली चार तरुणांनी ‘न्यू ग्रास रिव्हायवल’ या नावाने आपला स्वतंत्र ताफा उभारला, तेव्हा त्यांचे खांद्यावर रुळणारे केस आणि रॉकच्या धर्तीवरचा दीर्घ स्वरविस्तार पाहून-ऐकून ‘ब्लूग्रास’ या अमेरिकी लोकसंगीतशैलीच्या सनातनी रसिकांनी धर्म बुडाल्याचा जो गिल्ला केला, तो मला अन्यायाचा वाटतो. कारण ज्या दस्तुराच्या नावाने हा आक्षेप घेतला जात होता, तो दस्तूर स्वतःच जेमतेम 25 वर्षांचा होता. त्याच संस्थानातील रोझीन गावच्या बिल मन्रो यांनी फिडलवरच्या जुन्या धुना, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि चर्चमधील गायन एकत्र आणले, आणि 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज यांचा तीन बोटांनी वाजणारा बँजो त्यांच्या पदरी रुजू झाला, तेव्हा कुठे या शैलीला तिचे परिचित रूप प्राप्त झाले.

मन्रो यांच्या ताफ्यात ढोल नव्हता. सबब तालाचा निम्मा कारभार मँडोलिनकडे आला. बासचा खर्ज मात्रेवर पडला की लगेच पुढच्या उठावावर मँडोलिनवादक तारांवरून नखी सपकन ओढतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे सैल करून नाद तोडतो, जेणेकरून स्वर विरून केवळ एक कोरडा, करकरीत ठोका उरतो. या ठोक्याला ‘चॉप’ म्हणतात. न्यू ग्रास रिव्हायवलचा मँडोलिनवादक, बोलिंग ग्रीनच्या सॅम बुशने हाच ठोका उचलला, मात्र दोन ठोक्यांमधली मोकळी जागा त्याने रॉक आणि रेगेच्या बारीक, धावत्या आघातांनी भरली. मूळ तत्त्वाचा इतका निष्ठावंत विस्तार करणाऱ्यास बंडखोर कसे म्हणावे?

1972 साली निघालेल्या न्यू ग्रास रिव्हायवलच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत जेरी ली लुईस यांनी गाजवलेले ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ होते. पुढे जॉन कावन विजेचा बास आणि उंच पट्टीचा गळा घेऊन आला; कोलोरॅडोतील टेल्युराइडच्या महोत्सवात या मंडळींना हक्काचा श्रोतृवर्ग लाभला; रॉक गायक लिऑन रसेलबरोबरच्या दौऱ्यांनंतर, 1981 साली, मूळ चौघांपैकी बँजोवादक कोर्टनी जॉन्सन आणि कर्टिस बर्च बाहेर पडले व त्यांच्या जागी बँजोवादक बेला फ्लेक आणि पॅट फ्लिन आले. 31 डिसेंबर 1989 रोजी ओकलंड येथे ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाआधी वाजवून ताफ्याने विराम घेतला.

उस्ताद झाकिर हुसेन यांच्या तबल्यासमवेत ज्याने वाजवले, तो फ्लेक आपल्याकडेही पुष्कळांच्या परिचयाचा आहे, आणि त्याचा लौकिक यथार्थच आहे. परंतु त्या लौकिकाच्या छायेत जॉन्सनचा बँजो झाकला गेला. पहिली दहा वर्षे, जेव्हा जुन्या जाणत्यांचा रोष पत्करून नवे काही वाजवावे लागत होते, तेव्हा ताफ्यातला बँजो त्याचा होता. 2020 साली ब्लूग्रासच्या कीर्तिमंदिरात या ताफ्याचा समावेश झाला, तेव्हा जॉन्सनला जाऊन 24 वर्षे लोटली होती. हा सन्मान त्याच्या हयातीत व्हायला हवा होता.