आरसी बुकात १०८९ सीसी, इंजिनात किती? जुन्या पद्मिनीकडून शिकण्याचे तीन धडे

समजा, तुमच्यासमोर एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आरसी बुकात इंजिनची क्षमता लिहिली आहे १०८९ सीसी. हा आकडा तुम्ही तुमच्या शोधनिबंधात लिहाल का? बहुतेक जण लिहितील. सरकारी कागद आहे, शिक्का आहे, अजून काय पाहिजे?

आता थोडं गणित करू. या इंजिनमध्ये चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिमी आणि पिस्टनची धाव ७५ मिमी. आकडे सूत्रात टाका, १०८९ येतं. पण सिलिंडरच्या भिंती वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झिजतात, गोल राहत नाहीत. मग गॅरेजवाला इंजिन बोअरिंगला पाठवतो. सिलिंडर थोडा मोठा कापून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. व्यास अर्धा मिलिमीटर वाढला तर क्षमता होते ११०५ सीसीच्या आसपास. पूर्ण एक मिलिमीटर वाढला तर ११२२. आरसी बुकात मात्र १०८९च राहतं, कारण बोअरिंग केल्यावर आरटीओत कोण जातं?

म्हणजे कागद खोटा नाही, पण तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा आहे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा इतिहास लोखंडात आहे. तो कसा वाचायचा, हे आज बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला परदेशी गाड्यांची फक्त जुळणी व्हायची. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने धोरण ठरवलं: जे भारतात सुटे भाग बनवतील त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडत होती, तिने १९५४ मध्ये तिथलं काम बंद केलं. त्याच सुमारास कुर्ल्यात फियाट ११०० सुरू झाली. १९६४ मध्ये तिचं ‘डिलाइट’ मॉडेल आलं आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं.

गंमत अशी, की इटलीत ११००डी हे मूळ मॉडेल १९६६ मध्येच बंद झालं होतं. कुर्ल्यात मात्र त्याच घडणीची गाडी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. आयातीवर निर्बंध, नव्या गाडीसाठी लांबलचक प्रतीक्षायादी, त्यामुळे आहे ती गाडी चालती ठेवणं हाच पर्याय होता. आणि रचना फारशी बदलत नसल्यामुळे एखाद्या टर्नरने या गाडीची पिन एकदा नीट बनवली, की ते ज्ञान त्याला पुढे कित्येक वर्षं कामाला यायचं. गॅरेजमध्ये सुटे भाग बनवण्याची परंपरा टिकली ती फक्त टंचाईमुळे नाही, या स्थिरतेमुळेही.

धडा पहिला: झीज मोजू नका

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगजवळ असायचा. तिथून गिअरबॉक्सपर्यंत दांड्या आणि सांधे. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश. ते झिजले की गिअर कुठे पडतोय तेच कळत नाही.

समजा मूळ पिन १० मिमीची होती आणि मधोमध झिजून ९.६ झाली. नवखा माणूस व्हर्निअर लावतो, ९.६ वाचतो आणि लेथवर ९.६ची नवी पिन करून आणतो. म्हणजे त्याने पैसे खर्च करून नवी कोरी झीज बनवली! जुना टर्नर पिनचं टोक मोजतो, जिथे बुश कधी घासलाच नाही. तिथे १० सापडतं.

यात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. पाच सांधे आणि प्रत्येकात ०.४ मिमी ढिलाई धरा. आपण एमएस्सीत शिकलो की स्वतंत्र चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. तसं केलं तर ०.९ मिमी येतं. पण दांडी उलट दिशेला ढकलताना प्रत्येक सांध्यातली ढिलाई एकामागून एक भरून निघावी लागते, म्हणजे सरळ बेरीज: २ मिमी. ही यादृच्छिक चूक नाहीच. सूत्र लावण्याआधी चूक कोणत्या प्रकारची आहे ते विचारायचं, एवढंच.

धडा दुसरा: वेडावाकडा ब्रॅकेटही बोलतो

जुन्या फियाटमध्ये बॅटरी चार्ज करायला डायनमो असे. इंजिन सावकाश फिरत असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. रात्री सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंद. म्हणून अनेकांनी अल्टरनेटर बसवला, जो कमी वेगातही चार्जिंग करतो. पण तो डायनमोच्या जागी सरळ बसत नाही, त्यासाठी पट्टी कापून, वेल्डिंग करून ब्रॅकेट बनवावा लागतो. शिवाय दोन्ही पुली एका रेषेत हव्यात, नाहीतर पट्टा कडेने खाल्ला जातो.

असा ब्रॅकेट हातात आला तर नीट बघा. भोक कानशीने लांबट केलंय? पहिला अंदाज चुकला होता. मागे दोन वॉशर आहेत? पुली आत गेली होती, ती बाहेर काढली. बनवणाऱ्याने एक शब्द लिहिला नाही, पण त्याच्या प्रयोगाच्या पायऱ्या तिथे आहेत.

तारीख कशी ठरवाल? अल्टरनेटरवर उत्पादनाचं वर्ष कोरलेलं असेल तर जोडणी त्याआधीची असू शकत नाही. एवढंच म्हणता येतं. तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना आणलेला असेल तर जोडणी दहा वर्षं नंतरचीही असेल. मिळाली ती खालची मर्यादा. तिला उत्तर समजून लिहू नका.

धडा तिसरा: कागद काय नोंदवतो आणि का

याच गाडीत सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसी बुकात सापडेल, कारण इंधन बदलाची नोंद कायद्याने सक्तीची आहे. बोअरिंग सापडणार नाही, ब्रॅकेट सापडणार नाही. म्हणजे नोंदणारी यंत्रणा तिला महत्त्वाचं वाटतं तेच लिहिते. कोणतंही दप्तर उघडताना विचारा: यात काय लिहायची गरजच नव्हती?

आणि सगळंच घरगुती कौतुकाचं असतं असंही नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढे डिस्क ब्रेक बसवायला कुणी घरी अडॅप्टर प्लेट कापली असेल, तर ती अभ्यासासाठी मोलाची आहे, पण त्या गाडीत बसण्याआधी मी दोनदा विचार करेन. भाग मापात असणं आणि धातू तो भार वर्षानुवर्षं सोसेल हे माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग जीर्णोद्धार करायचा कसा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली. आता उरलेल्या गाड्या हौशी लोक ‘अगदी कारखान्यातून आल्यासारख्या’ करून घेतात. गाडी देखणी होते, पण लांबट भोकाचा ब्रॅकेट भंगारात जातो. ज्या टर्नरने तो केला तोही आज थकलेला आहे. विचारायला उशीर केला तर तो पुरावा दोन्हीकडून जातो.

मूळ भाग बसवू नका असं मी म्हणत नाही. काढण्याआधी चार कामं करा. जागेवर असतानाच पट्टी शेजारी ठेवून फोटो. न झिजलेल्या जागी माप. पिशवीत घालून चिठ्ठी: कुठून काढला, कधी. आणि कुणी बनवला, हे मालकाला व मेकॅनिकला विचारून त्यांच्याच शब्दांत टिपण.

हे मोटारीपुरतं नाही. तुम्ही पीएचडीला लागाल तेव्हा लॅबमध्ये एखादा जुना व्हॅक्यूम पंप असेल, त्याला कुण्या सीनियरने वर्कशॉपमधून करून आणलेला फ्लँज. मॅन्युअलमध्ये तो नाही, आणि त्याच सेटअपवर तुम्ही तुमचे आकडे घेणार आहात. पहिल्या आठवड्यात पाना उचलण्याआधी वही उघडा, आणि त्या सीनियरला फोन करा.